सिनेटरचं जन्मघर

सेक्रेटरी आला तेव्हा बिब्याना पायरीवर बसून टोपी विणत होती. माणूस शहरातला, पांढरा कोट, पांढरे बूट, आणि बुटांना आमच्या वाडीचा चिखल घोट्यापर्यंत. त्याने रुमालाने कपाळ पुसलं, एकदा घराकडे बघितलं, एकदा नदीकडे बघितलं आणि, मोठ्या बाईला मानाने 'आलिंग' म्हणतात तसं, म्हणाला, "आलिंग बिब्याना, रविवारी घर हलवायचंय. गव्हर्नरसाहेबांनी सांगून धाडलंय. उचलायला माणसं येतील. तुम्ही तेवढं जेवणाचं बघा."

बिब्यानाच्या बोटातला धागा तसाच राहिला.

"खरंच असं म्हणाला काद्यो?"

"साहेब म्हणाले," सेक्रेटरीने दुरुस्ती केली.

"तेच ते. मी त्याचा शेंबूड पुसलाय, मला काद्योच म्हणू दे."

सेक्रेटरी हसला नाही. त्याने खांब मोजले, सहा. वहीत काहीतरी लिहिलं आणि चिखल चुकवत परत गेला. बिब्यानाने टोपी बाजूला ठेवली आणि पदर नाही, काही नाही, बाहीलाच डोळे पुसले. सहा वर्षं ती ह्या एका निरोपाची वाट बघत होती.

आता तुम्ही म्हणाल, घर हलवायला गव्हर्नरचा निरोप कशाला हवा? आमच्याकडे घर हलवणं म्हणजे घर पाडणं नव्हे. बांबूच्या भिंती, झावळ्यांचं छप्पर, आणि सगळं सहा खांबांवर उचललेलं. खांब मातीतून सैल करायचे, घराच्या तळाखालून उभे-आडवे बांबू बांधायचे, आणि गावातल्या तीस माणसांनी खांदा द्यायचा. अख्खं घर उठतं आणि चालायला लागतं. बोलावणं लागत नाही, मजुरी कुणी घेत नाही. घरवाल्याने पोटभर जेवू घालायचं, झालं. बिब्यानाने नुसतं तोंड उघडलं असतं तरी दुसऱ्या दिवशी माणसं दारात उभी राहिली असती.

पण भावाने तोंड बंद करून ठेवलं होतं ना! गव्हर्नर झाला त्या पहिल्याच वर्षी तो मोटारीतून आला, काठावर उभा राहिला आणि बोट दाखवून म्हणाला, इथून तिथवर दगडी बांध होणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जाताना त्याने बहिणीला बाजूला घेतलं. "आते," तो म्हणाला. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला 'आते' म्हणायचा. "आते, तू घर हलवू नकोस हं. गव्हर्नरची सख्खी बहीणच काठावरून उठून गेली, तर लोक म्हणतील ह्याचा स्वतःच्याच बांधावर भरवसा नाही."

"बरं," बिब्याना म्हणाली.

बांध काही आला नाही. नदी मात्र दरसाल आली. पायरीपासून पाण्यापर्यंत पूर्वी चाळीस पावलं होती, ती आता नऊ उरली. प्रत्येक मोठ्या पुरानंतर बिब्याना कोयता घ्यायची आणि पाणी चढलं तिथे पुढच्या खांबावर एक खाच पाडायची. पहिली खाच घोट्यापाशी, मग गुडघ्यापाशी, मग मांडीपाशी. अशा नऊ खाचा झाल्या होत्या, आणि वरची घराच्या तळाच्या बांबूला टेकायला आली होती. वर चढावर, चिंचेखाली, आईकडून आलेला जमिनीचा तुकडा होता. तिथे तिने सहा चपटे दगड मांडून ठेवले होते, सहा खांबांसाठी. दर आठवड्याला जाऊन त्यांच्याभोवतालचं गवत उपटायची. येणारेजाणारे विचारायचे, "काय आलिंग, दगडांची शेती का?" ती म्हणायची, "हो, पिकली की सांगते."

ह्या काद्योचं पाळण्यातलं नाव लिओकादिओ सुमिलांग. कॉलऱ्याच्या सालात आईबाप आठवड्याच्या अंतराने गेले तेव्हा ती सोळाची, तो दहाचा. देशावर अमेरिकनांचं राज्य आलं होतं आणि त्यांनी नुकतीच शाळा काढली होती. मास्तरही अमेरिकन, ताडासारखा लांब आणि उन्हाने लालभडक. त्याने दोघांनाही बोलावलं. बिब्याना तीन दिवस गेली. तिला अक्षरं आवडली होती, हे ती पुढे कुणाला बोलली नाही. चौथ्या दिवशी चुलीवर ठेवायला घरात काही नव्हतं, म्हणून ती टोप्या विणायला बसली. तिची शाळा तिथेच संपली.

पोरगा हुशार होता, खोटं कशाला बोला. एकदा ऐकलेलं विसरायचा नाही. शाळेतून आला की बाकावर चढून बदकांपुढे इंग्रजीत भाषण ठोकायचा, आणि बदकं मान वर करून ऐकत राहायची, कारण दाणे त्याच्या मुठीत असायचे. बिब्याना हसून हसून लोळायची. पुढे सगळा जन्म त्याने तेच केलं म्हणा.

तो मनिलाला गेला. दिवसा एका वकिलाकडे कारकुनी, संध्याकाळी कायद्याचं कॉलेज. अंगावरचा कोट, पायातले बूट, पुस्तकं, सगळं टोप्यांतून. बारीक धाग्याची टोपी विणायची तर धागा ओला ठेवावा लागतो, पहाटेच्या दवात बसावं लागतं. बिब्यानाची बोटं तिशीतच वाकडी झाली. तो कायद्याच्या पहिल्या वर्षाला असताना मोठं वादळ आलं आणि जुनं घर, ज्या घरात दोघंही जन्मली ते, नदीने बुडासकट नेलं. मग तिने दुसरं घर उभं केलं. हे, खाचांचं. काद्योने ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो वकील झाला होता. एक मुक्काम केला, डास फार आहेत म्हणाला, आणि गेला.

घर बांधायला तिच्या हाताखाली होता इस्लाव. आमच्याकडे मुलगी मागायची तर नुसतं तोंडाने मागून चालत नाही. तिच्या दारी राबावं लागतं. लाकडं फोडायची, पाणी भरायचं, तिच्या घरच्यांनी 'पुरे' म्हणेपर्यंत. इस्लाव दोन वर्षं राबला. बिब्याना म्हणाली, काद्योचं शिक्षण होऊ दे. शिक्षण झालं तर म्हणाली, त्याचं बस्तान बसू दे. काद्योचं बस्तान बसलं तेव्हा इस्लावला दुसरीपासून दोन पोरं झाली होती. दोष कुणाला देणार? लाकडं तर त्याने तरीही आणखी एक वर्ष फोडून दिली.

काद्योचं बस्तान बसलं ते असं. जमीनदार डॉन आर्सेनियोने नदीपलीकडची कुळं हाकलायला काढली, तेव्हा त्यांचा खटला ह्याने लढवला आणि जिंकला. काय ते भाषण, काय तो आवाज! कोर्टातून लोकांनी त्याला खांद्यावर बसवून आणलं. बिब्याना त्या गर्दीत रडत होती. वर्ष गेलं आणि त्याच डॉन आर्सेनियोच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं. पुन्हा कुळांचा खटला त्याने घेतला नाही. लग्नात बिब्यानाला स्वयंपाकघराच्या दाराशी जागा मिळाली. "बरंच झालं," ती परत आल्यावर म्हणाली, "भात गरम गरम मिळाला." ऐकणाऱ्यांनी माना खाली घातल्या.

मग तो वर चढतच गेला. नगरमंडळात गेला, मग गव्हर्नर झाला. आमच्या वाडीतल्या सतरा पोरांचा तो धर्मबाप. बाप्तिस्म्याला यायचा, पोराच्या डोक्यावर हात ठेवायचा, बापाला 'कुम्पारे' म्हणायचा, आणि ते घर पिढीजात त्याचं व्हायचं. कुम्पारेविरुद्ध मत देणं म्हणजे आपल्याच पोराच्या डोक्यावरचा हात झटकणं. ते आमच्याकडे होत नाही. आता बेचाळिसाव्या वर्षी तो सिनेटला उभा होता. आणि मनिलाचे पेपर लिहायला लागले होते, गवताच्या झोपडीत जन्मलेला हा माणूस स्वतःच्या हिमतीवर इथवर आला.

रविवारी बिब्याना कोंबड्याआधी उठली. नाताळसाठी राखलेलं डुक्कर तिने आदल्या दिवशीच कापलं होतं. शिरक्यात शिजवलेलं मटण, ढीगभर भात, नारळाच्या दुधातला चिकट तांदूळ, आल्याचा गरम काढा. मदतीला आलेल्या बायका म्हणाल्या, "अगं आलिंग, अख्खं डुक्कर? थोडं ठेव की स्वतःला."

"ठेवायचं कुणासाठी?" ती म्हणाली. "आजपासून पाण्याला घाबरून जागायचं नाही मला. जेवू द्या लोकांना."

माणसं आली. तीस म्हणता चाळीस आली. पुढारी इस्लावच, घर उचलताना हाळी द्यायची ती त्याच्याच गळ्याने. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी आवाज तसाच खणखणीत. बिब्यानाला तो अजून 'बियांग'च म्हणायचा.

"काय गं बियांग, एवढं मटण? लग्नबिग्न आहे की काय तुझं?"

"तुझ्या वेळेला शिजवायचं राहिलं होतं, ते आज शिजवलं. गीळ."

सगळे खो खो हसले. इस्लावही हसला, आणि मग जरा जास्तच वेळ ताटाकडे बघत राहिला. माणसं जेवली, हात धुतले, दुवा दिला. तिने मडकी, माडोन्नाची मूर्ती आणि टोपीचा लाकडी साचा बाहेर काढला. रिकाम्या घरातून एक फेरी मारली, भिंतीला हात लावला आणि खाली उतरली.

"घे रे, घे!" इस्लाव ओरडला.

"हो!" चाळीस गळे म्हणाले, आणि घर उठलं.

काय सांगू! बाईच्या अंगावर काटा आला. खांब मातीतून सुटले, छप्पर हललं, आणि घर पायांवर चालायला लागलं. तिने साचा काखेत मारला आणि मागून निघाली. बायका मडकी घेऊन तिच्यामागे. कुणीतरी गिटार वाजवत होतं. तिला मधेच रडू यायचं, मधेच हसू यायचं. शेवटी काद्योला आठवण झाली म्हणायची, ती शेजारणीला म्हणाली. उशिरा का होईना.

विहिरीपाशी वाट फुटते. डावीकडची चढावर, चिंचेकडे. उजवीकडची गावाच्या चौकात, चर्चपाशी. घर विहिरीपाशी आलं आणि उजवीकडे वळलं.

"अरे, डावीकडे!" बिब्याना ओरडली. "इस्लाव! डावीकडे!"

घराखालच्या माणसाला पुढच्याच्या टाचांपलीकडे काही दिसत नाही. त्याला ऐकू येते ती फक्त पुढाऱ्याची हाळी. इस्लाव घरापुढे होता, गिटार वाजत होती, माणसं 'हो, हो' करत होती. बिब्याना साचा घेऊन पळत सुटली. चिखलात एक वहाण गेली. "डावीकडे रे! दगड डावीकडे आहेत!" बाकीच्या बायकांना वाटलं, म्हातारीला आनंदाचं वारं लागलंय. त्याही हसत हसत तिच्यामागे पळाल्या. ती घराच्या कडेने पुढे पोचेपर्यंत बराच पल्ला मागे पडला होता.

"इस्लाव, कुठे नेतोयस माझं घर?"

इस्लावने वळून बघितलं. चालणं थांबवलं नाही. थांबला असता तर चाळीस जणांच्या खांद्यावर घर आडवं झालं असतं.

"चौकात," तो म्हणाला. "घे रे, घे! चौकात नाही तर कुठे? काद्योचं जन्मघर म्हणून मांडणार आहेत ना ते. कठडा घालणार, पाटी लावणार. तुला माहीत नाही?"

"मला कुणी सांगितलं?"

"तू जेवायला घातलंस, बियांग! डुक्कर कापलंस! आम्ही म्हटलं, ही एवढं करतेय म्हणजे हिचीच इच्छा."

"फिरव. मागे फिरव."

"उचललेलं घर मागे फिरवतात का कधी?" त्याचा आवाज पडला. "आणि अगं, काद्योसाठी तू आजवर कशाला नाही म्हणालीस? आम्हाला वाटलं, हेही दिलंस."

इस्लावच्या तोंडून तिला हे ऐकायचं नव्हतं. घर पुढे गेलं आणि ती एका वहाणेवर त्याच्या बाजूने चालत राहिली.

चौकात बँड होता, झेंडे होते, मनिलाहून आलेले दोन फोटोवाले होते. चौथरा बांधून तयार. सहा खड्डे, सिमेंटचे. चौकाच्या तोंडाशी काद्योने कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि पुढच्या बांबूखाली खांदा लावला. फोटो निघाला. दहा पावलांवर तो बाजूला झाला आणि सेक्रेटरीने कोट झटकून त्याच्या अंगात घातला. घर खड्ड्यांत उतरलं. लोकांनी टोप्या उडवल्या.

बिब्याना त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. त्याने लगेच वाकून तिचा हात धरला आणि कपाळाला लावला, वडीलधाऱ्यांचा लावतात तसा. फोटोवाला म्हणाला, "साहेब, आणखी एकदा." त्याने आणखी एकदा लावला.

"काद्यो, हे ते घर नाही," ती म्हणाली.

"आते, आता नको," तो हसत हसत दातांतून म्हणाला.

"तुझं घर नदीत गेलं. हे मी बांधलं. तू ह्यात जन्मला नाहीस, वाढला नाहीस. एक मुक्काम केलास, त्यात डास मारत बसलास."

"लोकांना बघायला एक घर लागतं, आते. त्या गेलेल्या घराचा फोटो काढता येतो का?"

"मी कुठे राहू?"

"आमच्याकडे ये की. स्वयंपाकघरामागे खोली आहे, कोरडी आहे. नाहीतर दिवसा इथेच बस, टोप्या विण, लोकांना बरं वाटेल बघून. संध्याकाळी मात्र कुलूप लागेल." आणि मग अगदी मायेने, तिच्या खांद्यावर हात ठेवून, "एवढ्यासाठी तोंड पाडू नकोस गं."

त्याने खरंच मायेने म्हटलं होतं. तिला त्याचाच जास्त राग आला.

मग तो व्यासपीठावर चढला. आवाज तसाच, कोर्टातला. म्हणाला, ह्याच घरात मी पहिला श्वास घेतला. ह्याच पायरीवर आईच्या मांडीवर बसून मी अक्षरं गिरवली. आईने टोप्या विणून मला शिकवलं, आणि ती माऊली माझं यश बघायला राहिली नाही. बायका मुसमुसायला लागल्या. बिब्याना ऐकत होती. आईने उभ्या जन्मात टोपी विणली नव्हती. तिच्या हाताला घाम यायचा, धागा डागाळायचा. म्हणजे घर तर गेलंच, वर बोटंही त्याने आईला देऊन टाकली.

"आणि ती बघा माझी थोरली बहीण!" काद्यो म्हणाला. "आते, वर ये. लोकांना सांग दोन शब्द. इथेच जन्मलो ना मी?"

कुणीतरी तिला वर चढवलं. एका पायात वहाण, एक पाय चिखलाचा. ती एक वाक्य बोलली असती, तर फोटोवाल्यांनी ते मनिलापर्यंत नेलं असतं. काद्योच्या कपाळावर घाम आला होता. लहानपणी खोटं बोलताना यायचा, तसाच. आणि वाडीतल्या एकूण एक माणसाला खरं ठाऊक होतं. घर नदीत जाताना त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, नव्या घराचे बांबू त्यांनीच तोडून दिले होते. तरी सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे होते, खांद्यावर बांबूचे वळ घेऊन.

इस्लाव व्यासपीठाला खेटून होता. तो हळूच म्हणाला, "बियांग, बांधाचे दगड येणार म्हणालेत. घर चौकात पोचलं की दुसऱ्याच महिन्यात. साहेब निवडून आले पाहिजेत फक्त." मग म्हणाला, "माझं घर आता अकरा पावलांवर आहे."

म्हणजे ह्यासाठी चाळीस माणसं आली होती. तिला त्यांचा संताप आला, आणि लगेच तो कुठे ठेवावा ते कळेना. त्यांच्या दारातली पावलं तिने मोजली नव्हती. तिने फक्त आपली मोजली होती.

"हो," ती म्हणाली. "इथेच जन्मला."

बँड वाजला.

काद्यो सिनेटर झाला. आमच्या वाडीतलं एक मत इकडचं तिकडे गेलं नाही. आणि बांधाचे दगडही आले, ते काही खोटं नव्हतं. बैलगाड्या भरभरून आले, पुलावरून पलीकडे गेले, आणि नदीच्या पलीकडल्या काठाला, डॉन आर्सेनियोच्या उसाला लागून दगडी बांध उभा राहिला. आमचे लोक विचारायला गेले तेव्हा सेक्रेटरी म्हणाला, कामाचा हा पहिला भाग, तुमचा दुसरा. सगळे कुम्पारे परत आले. शब्द मिळाला होता, आणखी काय हवं!

बिब्याना स्वयंपाकघरामागच्या कोरड्या खोलीत गेली नाही. सहा दगडांवर इस्लावने तिला झावळ्यांचं खोपट घालून दिलं. चौकात ती एकदाच गेली, विसरलेली कात्री आणायला. कठड्याशी पोलीस होता. म्हणाला, आत जाता येणार नाही. आत एक शिक्षिका शाळेच्या मुलांना घर दाखवत होती. पुढच्या खांबाजवळ ती थांबली आणि एकेका खाचेवर छडी ठेवत म्हणाली, "ही बघा सिनेटरसाहेबांची उंची. वाढदिवसाला आई त्यांना इथे उभं करायची आणि खूण करायची. हे दोन वर्षांचे असताना. हे चार. हे बघा, किती भरभर वाढले!"

मुलं एकेक करून खांबाला पाठ लावून उभी राहिली. बिब्याना कात्री न घेताच परत आली.

त्याच्या पुढच्या वर्षीच्या पावसात नदीने पलीकडचा दगड चाचपून बघितला, आणि सगळीच्या सगळी आमच्या अंगावर आली. कुठे जाणार दुसरीकडे? वाडीतली एकतीस घरं गेली. सात माणसं गेली, त्यात इस्लावची बायको. चढावरचं खोपटही गेलं. बिब्याना दीड दिवस चिंचेच्या फांदीवर बसून होती. पाणी उतरल्यावर खाली आली तेव्हा चिंचेच्या खोडावर गाळाची रेघ होती. तिने शेजारी उभं राहून हात वर केला. बोटांची टोकं जेमतेम रेघेला लागली. आणि हे चढावर. खाली काठावर तर मोजायला काही उरलंच नव्हतं.

चौक नदीपासून लांब, तिथे पाणी पोचलं नव्हतं; वाचलेली माणसं चर्चच्या फरशीवर झोपत होती. सिनेटरसाहेबांनी मनिलाहून तांदूळ धाडला होता. पोत्यांवर त्यांचं नाव छापलेलं होतं. दुपारी रांग लागली. बिब्याना रांगेतून निघाली, इस्लावच्या कमरेचा कोयता मागून घेतला आणि चौक ओलांडून कठड्याच्या आत शिरली. पोलीस रांगेकडे बघत होता, तोवर ती खांबापाशी पोचलीही. पाठ खांबाला लावली, हात वर केला, बोटं पोचली तिथे नखाने खूण केली. मग वळून खाच पाडायला लागली.

"ए म्हातारे!" पोलीस धावत आला. "काय करतेस? कळतं का काही? सिनेटरसाहेबांची उंची आहे ती!"

"तीच घालतेय," बिब्याना म्हणाली. तिने हात थांबवला नाही. "माझा भाऊ आहे तो. किती वाढला ते मला ठाऊक."

पोलिसाने खाचेकडे बघितलं. कुठल्याच माणसाची उंची एवढी नसते, हे त्यालाही कळत होतं. रांगेतली माणसं इकडे बघत होती, गाळाने माखलेली, ताटं हातात घेऊन. इस्लाव रांग सोडून दोन पावलं पुढे आला होता आणि तिथेच उभा होता.

खाच खोल झाल्यावर तिने अंगठ्याने भुसा पुसला. कोयता इस्लावला परत दिला आणि रांगेत आपल्या जागी जाऊन उभी राहिली. तिच्या पुढे अजून सोळा माणसं होती.